सौभाग्यवतींची हरकत आणि थ्रॉटलचा दांडा

संगणकावरच्या खेळातले विमान आपटल्याने एखाद्या घरचे बाळंतपण अडते, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याच्याकडे पुरावा मागितला असता. आमच्या घरचे अडले. लेक बंगळुरूला, दिवस भरत आलेले, आणि तिच्या आईचा विमानात पाय ठेवण्यास ठाम नकार. रेल्वेचा लांबचा प्रवास तिच्या कंबरेसाठी डॉक्टरांनी वर्ज्य केलेला. तेव्हा विमान ही किती निरुपद्रवी वस्तू आहे हे सप्रमाण सिद्ध करावे, म्हणून मी विमान चालवण्याचा खेळ आणि इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा थ्रॉटलचा दांडा मागवला. पत्नीस साक्षीदार म्हणून शेजारी बसवले. धावपट्टी समोर आली. मी दांडा किंचित मागे घेतला. तो आधी हललाच नाही, मग एकदम शेवटपर्यंत गेला. इंजिने गप्प झाली आणि आम्ही धावपट्टीच्या अलीकडेच संपुष्टात आलो.

"पाहिलं," असे म्हणून ती भाजी निवडायला गेली.

लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी झालेल्या या इमारतीत मी गिरणीच्या चिमणीहून उंच राहतो. चिमणी पाडली तेव्हा मी निषेधाचे पत्र लिहिले होते. संपाच्या काळात साचेखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, माणसांचे अर्ज मीच लिहीत असे, आणि तो संप कोणी मागे न घेताच विरला. उत्तर न येणाऱ्या पत्रांचा मला दांडगा अनुभव आहे. म्हणून दांड्याच्या कंपनीस ग्राहक संरक्षण कायद्याचा दाखला देऊन कडक नोटीस धाडली. उत्तर मात्र तत्काळ आले, इतके तत्काळ की कोणा मनुष्याने ती वाचलेली नाही हे उघड होते. माझा आनंद हाच त्यांचा आनंद होता म्हणे.

शेजारच्या बिऱ्हाडातला माझा सोबती गिरणीत फिटर होता. पाळी सुरू होताना साच्याला तेल पाजायचे, ही त्याची संध्या. गिरणी गेली, तेलाची कुपी राहिली. दांडा पाहताच त्याने ती खिशातून काढली.

"सूचनापत्रात तेलाचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

"तुझो कागद वाचून साचो कधी चाललो काय रे? लोखंडाक तेल व्हया."

"हे प्लास्टिक आहे."

"मगे थोडा कमी घालतंय."

त्यानंतर दांडा इतका आज्ञाधारक झाला की हात सोडताच स्वतःच्या वजनाने घसरू लागला. त्याला धरून ठेवणारी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी तेलात न्हाली होती. दुसरे विमान समुद्रात गेले. दारात उभ्या असलेल्या पत्नीने तिथूनच लेकीला फोन लावला. "तू तिकडेच एखादी बाई बघ. माझं काही खरं नाही."

त्या दिवशी मी पत्र लिहिले नाही. दांड्याखालची पाटी उघडली, पट्टी स्पिरिटने पुसून वाळवली आणि हात थांबेल तिथे दांडा थांबेपर्यंत आतला स्क्रू थोडाथोडा आवळला. मग खेळाच्या सेटिंगमधली, दांड्याची हालचाल आणि इंजिनाची ताकद यांचा मेळ ठरवणारी सरळ रेघ खालच्या टोकाला वाकवली, म्हणजे उतरताना हात बराच हलला तरी ताकद थोडीच बदलावी. अगदी तळाचा भाग निष्प्रभ ठरवला. क्षुल्लक बाबींची दखल कायदा घेत नाही. माझ्या बोटांच्या कंपाची विमानाने तरी का घ्यावी?

तिसऱ्या खेपेस चाके टेकली ती कळलीही नाहीत.

"माझ्या तेलान झाला," फिटर म्हणाला.

पत्नी पडद्याकडे बघत राहिली. "तिकडे चालवणारा माणूस दुसरा असेल ना?"

"अर्थात."

"नोटिशी लिहीत बसणारा नसेल?"

"नोकरीत असेतो नसावा."

"मग काढा तिकीट."

तिकीट काढले. त्यामागच्या अटी मी समग्र वाचल्या असून एकीवर हरकतीचे पत्रही तयार आहे. पत्नी तिथे सुखरूप उतरल्याचा फोन आला की टपालात टाकीन.