सासूबाईंची अतिशयोक्ती

लग्न होऊन इंदुरात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. मी अंघोळ करून बाहेर येते तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंची किंकाळी आली, “मेले गं बाई, मेले!” मी धावले. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. मी त्यांना खांद्यांना धरून जमिनीवर आडवं केलं, पायांखाली पाट सरकवला आणि नाडी धरली. माझे वडील फौजेत होते, महूच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये आम्हाला प्रथमोपचार पाढ्यांबरोबरच शिकवलेले. नाडी उत्तम चालली होती. “अगं, काय करून राहिली तू? दूध उतू गेलं, दूध!” त्या खालून ओरडत होत्या. दारात नवरा आणि शेजारच्या काकू पोट धरून हसत होते.

दोष माझा नव्हता. आमच्या घरी ताप आला तर थर्मामीटर बघून आकडा सांगायचा आणि दुखलं तर कुठे दुखतं ते सांगून गप्प बसायचं. ‘मेले’ हे आम्ही फक्त मेलेल्यांबद्दल म्हणायचो. इथे सगळाच कारभार वेगळा. सासरचे पूर्वज दरबारात शिलेदार होते म्हणे. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या कोण जाणे, पण रणांगणाचं वर्णन करायची हौस मात्र सासूबाईंपर्यंत शाबूत पोचली होती.

गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी अलंकारच शिकवते. पलासियातल्या एका कोचिंग क्लासात भाषेचा पेपर माझ्याकडे आहे. मुलं व्याख्या पाठ करतात, जोड्या लावतात आणि पैकीच्या पैकी मार्क घेतात. अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा फुगवून सांगणे, इतकं त्यांना येतं आणि मलाही तेवढंच येत होतं. ती फुगवायची कशासाठी, हा प्रश्न पेपरात कधी येत नाही.

सासूबाई शाळेत अलंकार शिकल्या असतील तर ते त्या विसरल्या होत्या, पण वापरायच्या मात्र सगळे. कुकरची शिट्टी होईना तर म्हणायच्या, “रुसलाय तो. सकाळी मी त्याला घासताना बोलले ना काहीतरी.” मे महिन्यातलं ऊन त्यांच्या लेखी ऊन नव्हतं, जावई होता, एकदा आला की हलायचं नाव नाही. गल्लीतली एक मुलगी उशिरापर्यंत लोळायची, तिचं कौतुक त्या तोंडभरून करायच्या, “काय गुणाची पोर! आईची झोप मोडू नये म्हणून बिचारी स्वतःही उठत नाही.” निंदेचा घास असा साखरेत घोळून भरवणं मला अजून जमलेलं नाही. बाजारातून परतल्या की पर्स सोफ्यावर टाकून सांगायच्या, “पलासियाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझे केस काळे होते.” आणि माझ्या वरणाबद्दल एकदा, पाहुण्यांसमोर, “यात डाळ आहे, मी ऐकलंय. पाणबुड्या पाठवलाय, येईल खबर घेऊन.”

वरणाचा राग मला आला. चांगला दोन दिवस आला. पण तिसऱ्या दिवशी क्लासात फळ्यासमोर उभं राहून मी तेच वाक्य उदाहरण म्हणून सांगितलं, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हसली. त्या दिवसापासून मी त्यांची चाहती झाले. उगाच का खोटं बोलू, सासूचं कौतुक करायला मलाही जड जात होतं.

दुखण्याखुपण्याच्या बाबतीत तर त्यांचा हात कुणी धरू नये. गुडघ्यात कुणीतरी पापड लाटत असायचं. डोक्यात लोहार बसलेला असायचा आणि त्याला दुपारची सुट्टी नसायची. साधी सर्दी झाली तरी त्या आपल्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या ते सांगून ठेवायच्या. घरात कुणी त्याकडे लक्ष देत नसे. नवरा म्हणायचा, “आईच्या बोलण्यातून नव्वद टक्के वजा कर. उरलं ते खरं.”

अशी काही वर्षं गेली आणि एका रविवारी सकाळी पोह्यांची तयारी चालली होती. सासूबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “मी जरा बसते. छातीत थोडं दुखतंय.”

इतकंच.

माझा हात कढईवर थांबला. ‘थोडं’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. मी गॅस बंद केला, जवळ गेले आणि विचारलं, “कसं दुखतंय, आई?” मी मुद्दाम विचारलं. म्हणजे त्यांना लोहार, पाथरवट, हत्ती, जे काय हवं ते आणू देत आणि माझा जीव भांड्यात पडू दे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, शोधल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “दुखतंय.”

मी नवऱ्याला म्हटलं, “गाडी काढ.”

“अगं, ॲसिडिटी असेल. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस कमी खाल्लाय का तिनं? आणि बघ ना, किती शांत बोलतेय.”

“म्हणूनच काढ.”

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं ईसीजीची पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. हार्ट अटॅक होता, ताबडतोब आत घ्यायला हवं होतं. नर्सना हाका मारता मारता त्यानं मला विचारलं, “लक्षण क्या थे? पसीना, उल्टी?”

“नहीं,” मी म्हटलं, “सीधी बात कर रही थीं.”

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढचा प्रश्न नवऱ्याला विचारला.

त्या वाचल्या, हे इथेच सांगून टाकते. लोकांना ताटकळत ठेवणं माझ्या रक्तात नाही. पण त्या वेळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नवरा कागदांवर सह्या करायला गेला होता आणि मी स्ट्रेचरशेजारी एकटी उभी होते. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “बेटा, मला भीती वाटून राहिली,” त्या म्हणाल्या. त्यातही काही फुगवलेलं नव्हतं.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की ही बाई आपलं दुखणं मोठं करून सांगते. ती ते आम्हाला हसता येईल असं करून सांगत होती. लोहार म्हटलं की आम्ही हसायचो आणि कुणी घाबरायचं नाही, तीही नाही. त्यासाठी अंगात थोडी ताकद शिल्लक लागते, आणि त्या सकाळी ती उरली नव्हती. मग आता ते काम दुसऱ्या कुणी करायचं होतं, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. नळी कुठून घालतात, स्प्रिंग कशी बसवतात, सगळं. माझ्या वडिलांनी तेच सांगितलं असतं. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, “यमाची काय बिशाद, आई! तुम्ही नुसतं बोलायला लागलात ना, की त्याचा रेडाच त्याला पाडून पळेल. थेट उज्जैनपर्यंत पळेल!”

उज्जैन कुठून आलं मलाच माहीत नाही.

सासूबाईंनी डोळे मिटले. वॉर्डबॉयनं स्ट्रेचरचा ब्रेक काढला.

“जमलं नाही तुला,” त्या म्हणाल्या. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही. “फिर से बोल.”

मी पुन्हा म्हटलं. स्ट्रेचरबरोबर चालत, दारापर्यंत, मोठ्यानं म्हणत राहिले.