व्हर्लिनची घरी जोडलेली बंदूक

माझ्या बहिणीचा नवरा व्हर्लिन स्ट्रो याचा मला वीट आला आहे, हे आधीच सांगून टाकतो. अख्ख्या मोंटानात बंदूक कळते ती यालाच, बाकी आम्ही सगळे गवत उपटायला जन्मलो. दुकानातून तयार बंदूक आणणं म्हणजे त्याच्या लेखी दुसऱ्याच्या मापाचे बूट घालणं. स्वतःची त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडली. बोल्टचा सांगाडा एकीकडून, नळी दुसऱ्या राज्यातून, दस्ता तिसरीकडून. माझी बहीण लोर्ना तेवढे दिवस मांडीवर ताट घेऊन जेवली. खोटं कशाला बोलू, बंदूक देखणी झाली आणि नेमही चोख लागायचा. बिघाड बंदुकीत नव्हता.

त्या वर्षी शिकारीच्या सोडतीत माझ्या वडिलांना मोठ्या एल्क नराचा, म्हणजे सांबराहून थोराड हरणाचा, परवाना लागला. जन्मभर अर्ज करत होते बिचारे. डोळे इतके अधू झाले होते की पुढच्या हंगामात बंदुकीवरच्या दुर्बिणीतून काही दिसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. हा पहिला आणि हाच शेवटचा.

"आर्लो, ते तुमचं दुकानातलं लाकूड चुलीत घाला," व्हर्लिन त्यांना म्हणाला. "यंदा माझी घ्या."

"अरे, मला माझीच सवय आहे."

"सवय कसली? आळस म्हणतात त्याला."

बाबा भिडस्त. जावयाचं मन मोडवेना, म्हणून घेतली. व्हर्लिनच्याच बंदुकीवर रोज सराव केला आणि हात बसवला.

हंगामाच्या आदल्या दिवशी शेजारी कॉफीला आले आणि व्हर्लिनला चेव आला. टेबलावर त्यानं नळी उतरवून दाखवली आणि पुन्हा चढवली. "बघा! दुकानातल्या बंदुकीला जमेल का हे?" नळी उतरवली की नेम सरकू शकतो, म्हणून उघडलेली बंदूक कागदावर झाडून बघितल्याशिवाय रानात न्यायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. व्हर्लिन स्वतः जगाला तेच शिकवत फिरतो.

"एक गोळी कागदावर मारून घे," मी म्हणालो.

"ती तुमच्या दुकानी मालाची रड. माझा जोड हलत नाही."

सकाळी पाइनच्या कडेला नर डावीकडे तोंड करून आडवा उभा राहिला. बाबांनी आडवं पडून, श्वास सोडून, सावकाश चाप ओढला. गोळी पोटात गेली. फुटलेल्या पोटाचा तो आंबूस वास ज्यानं घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. रक्त आणि हिरवा चोथा बघत आम्ही दिवसभर मागे चाललो. मग बर्फ पडायला लागला आणि माग बुजला. ते जनावर कुठंतरी तडफडत पडलं होतं, आणि व्हर्लिन म्हणतो काय:

"मेलेलं हाती लागलं नाही ना? मग परवाना शाबूत. कायद्यानं उद्या परत यायचं!"

मला त्याची शिसारी आली. आमच्या जुन्या माणसांचा कायदा वेगळा आहे. तुझ्या गोळीनं रक्त सांडलं, की सापडो न सापडो, ते जनावर तुझं. बाबांनी चाकू काढला आणि शिकार झाली की कापतात तशी परवान्यावरचा महिना आणि तारीख कापून टाकली; परवाना संपला.

"आर्लो, वेडे झालात का?"

"तो माझा होता," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिननं कोठारामागं कागद लावला. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या, पण मधल्या खुणेपासून वीतभर उजवीकडे. मी बघितलं, बाबांनीही दुर्बीण लावून बघितलं. व्हर्लिननं दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नेम सरळ केला आणि कागद चुरगाळून शेगडीत टाकला.

जेवताना लोर्नानं विचारलं, "पण झालं काय नेमकं?"

"आर्लोंचा हात झटकला," व्हर्लिन म्हणाला. "वय झालं की होतं असं. बंदूक बिनचूक आहे, आज पुन्हा तपासली."

नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथं अंगण म्हणजे माझा बाप! मी खुर्ची मागं सरकवली, तोच बाबांनी टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरला. ते लोर्नाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हो गं पोरी," ते म्हणाले, "झटकला असेल माझाच हात."

व्हर्लिननं मान डोलावली आणि आणखी बटाटे वाढून घेतले.