पंचमीसाठी थांबवलेली इंजेक्शने

माय, देगलूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटताना तू खिडकीशी येऊन माझ्या हाती धपाट्यांचा डबा दिलास आणि शेजारच्या सीटकडे न बघता म्हणालीस, "हिला सांभाळ." शेजारी बसलेल्याने केस कापले होते, स्वतःसाठी विशाल हे नाव निवडले होते. तुझ्या लेखी ती धाकटी लेकच होती. तो हसून म्हणाला, "सांभाळ बरं मला, ताई."

पुण्यात मी हाडांवर संशोधन करू लागले. अंडाशय काढलेल्या उंदरिणींची हाडे किती झपाट्याने विरळ होतात, हे मोजणे माझे रोजचे काम. विशालने एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू केली आणि पुढे गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रियाही करून घेतली. डॉक्टरांनी बजावले, मीही समजावले: आता शरीर स्वतःची लैंगिक संप्रेरके जवळजवळ बनवणारच नाही, तुझी हाडे या इंजेक्शनवरच उभी आहेत. त्याला दाढी आली, आवाज पुरुषी पट्टीत उतरला. आरशासमोर तो शीळ घालू लागला.

मग नागपंचमीच्या काही महिने आधी तुझा फोन आला. "पंचमीला सगळ्यांच्या लेकी येतात. लेक होऊन ये, नसता येऊच नको."

लेक माहेरी आली नाही की गल्ली आईला जाब विचारते, हे त्याला ठाऊक होते. दाढी विरळ व्हावी म्हणून त्याने मला न सांगता इंजेक्शने थांबवली आणि पुढच्या वर्षीच्या, दुसऱ्या पंचमीपर्यंत पुन्हा घेतलीच नाहीत. दोन्ही वेळा तो ओढणी घेऊन, हातभर बांगड्या भरून बसला. उतरलेला आवाज मात्र परत चढत नसतो. तू बायकांना सांगितलेस, "घसा बसलाय तिचा." शेजारची काकू म्हणाली, "सासरी बी अशीच गप राहिली म्हंजे झालं."

त्या दुसऱ्या पंचमीला कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावरून उतरताना त्याचे पाय जरा जोरात टेकले. तेवढ्यानेच पाठीचा मणका दबून मोडला. मी समोर होते. त्याने तोंड उघडले आणि ओढणीचा बोळा आत कोंबला. ओरडला असता तर अंगणभर पुरुषाचा आवाज गेला असता. तुला वाटले, चक्कर आली. तू पाणी आणायला धावलीस.

पुण्यात परतून तपासणी केली. हाडांच्या घनतेचा अहवाल मी वाचत होते, तो माझा चेहरा वाचत होता. "तुझ्या उंदरांचं बरं हाय, ताई. त्यांना पंचमीला माहेरी जायचं नसतं."

इंजेक्शने पुन्हा सुरू आहेत. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांचे औषध. घनता काही अंशी भरून येईल. दबलेला मणका पूर्ववत होत नाही. तो किंचित बुटका झाला आहे. यंदा तो येणार नाही. मीही नाही.

परवा सकाळी कूस बदलताना कळ आली आणि तो खोली दणाणेल असा ओरडला. वरच्या मजल्यावरचे काका धावत आले. मला मात्र बरे वाटले. घर कशाला म्हणावे, याची माझी व्याख्या आता एवढीच उरली आहे: दुखले की जिथे पूर्ण आवाजात ओरडता येते.

ओरडतो तो अजून "माय" असेच.