मशीनजवळची खुर्ची

शेठजींनी चिमूटभर मसाला माझ्या तळहातावर ठेवला. मला वास आला नाही, नुसती शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी.

शेजारी नव्याने कामाला लागलेली सरिता उभी होती. तिने हुंगलं आणि म्हणाली, "शेठ, धना करपेल शेतस."

"बरोबर! धने करपलेच आहेत." शेठजी खूश. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

धुळ्याच्या एमआयडीसीत आमचा काळ्या मसाल्याचा कारखाना. मी टेस्टर. प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी दळलेला माल, नाकाने पास करायचा. माझी खुर्ची दळायच्या मशीनला खेटून, कारण माल गरम असतानाच हुंगायची आमची पद्धत. ती खुर्ची म्हणजे मान. सरिताला मी तिथे टेकूही दिलं नव्हतं. ती पॅकिंगच्या काचेआड बसायची, आणि दिवसभर टवटवीत. तिचं ते कोरडं नाक बघून माझा जळफळाट व्हायचा.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

"मोकळं. भाजीचा वाससुद्धा येतो."

"मग ही साधी सर्दी नाही. मिरचीची पूड रोज आत जाते, नाक आतून सुजतं. फवारा देतो, पण ती जागा सोडा. नाहीतर वास कायमचा जाईल."

जागा सोडायची म्हणजे सरिताला द्यायची! त्या खुर्चीतली तिची ऐट मला रिक्षातच दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर शेठजी म्हणालेच, "ताई, तुम्ही काचेआड बसा. सरिता बसेल इथे."

"ती कशाला? उद्या तिचंही नाक गेलं तर टेस्टिंग तुम्ही करणार? खुर्चीच उचला. मशीनला झाकण आणि एक्झॉस्ट बसवा. नमुना डबीत घालून आत पाठवा."

"अहो, गरम माल हुंगायची आपली पद्धत..."

"हुंगायला नाकच उरलं नाही, तर पद्धत काय चाटायची?"

कुरकुर करत त्यांनी एक्झॉस्ट बसवला. खुर्ची वॉचमनकडे गेली. सरिता डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली. डोळे भरलेले.

"ताई, तुमीन मनी इतली काळजी करी. सख्खी बहीन बी करत नही."

मी भाकरी मोडली. ठेच्यातल्या लसणाचा वास मला स्पष्ट आला.

नाक आता मोकळं आहे. शेठजी मात्र डबी अजून आधी तिच्याच हातात देतात. त्याला फवारा नाही.