बोटासाठी रकाना नव्हता

"भाषणात गिरणीचं नाव आहे का? हो की नाही, एवढंच सांग," देशकर साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"मग लिही तसं. एक ओळ. अर्ध्या तासात उत्तर गेलं पाहिजे."

मी सरकारी भूकरमापक आहे, म्हणजे जमिनी मोजतो. राहायला नागपुरात, प्रताप नगरला. निवडणूक आली की आमच्यासारख्यांना इलेक्शन ड्युटीला लावतात. या वेळी मी व्हिडिओ व्ह्यूइंग टीममध्ये होतो. एक टीम सभांचं शूटिंग करून आणते. दुसरी ते बघते आणि छापील तक्ता भरते. तक्त्यात तीन रकाने. वेळ, वाक्य, अभिप्राय. कोणी धमकी दिली, चिथावणी दिली, तर अभिप्रायात तसं लिहायचं आणि खाली सही करायची. देशकर साहेब आमचे प्रमुख.

ही सभा सावनेर तालुक्यातल्या एका गावची. आदल्या संध्याकाळी झालेली. मी ती सकाळीच पाहिली होती. उमेदवाराचं चाळीस मिनिटांचं भाषण. त्यात रण होतं, फौज होती, गनीम होता, शेवटचा घाव होता. त्यात नवीन काही नव्हतं. आठवडाभर मी दोन्ही बाजूंच्या सभा पाहत होतो. मतं मागतो आहे असं वाटावं, असा वक्ता क्वचित दिसला. बाकी सगळे लढाईवर निघालेले. पहिल्या दिवशी मी दचकलो होतो. चौथ्या दिवशी चहा पीत पाहू लागलो.

या भाषणात तो तीनदा म्हणाला, "परवा आपली फौज इथून निघेल, तेव्हा तो किल्ला शिल्लक राहता कामा नये." मी वाक्य उतरवलं. अभिप्राय लिहिला, 'नेहमीची प्रचारी भाषा. कारवाईची गरज नाही.' सही केली. तक्ता वर गेला.

दुपारी तक्रार आली. शोभा चौधरी नावाच्या बाईंची. सभेच्या मैदानासमोर त्यांची पिठाची गिरणी. गिरणीची पुढची खोली दुसऱ्या बाजूच्या उमेदवाराला प्रचार कार्यालय म्हणून दिलेली. तक्रार एवढीच, की सभेत आमच्या गिरणीवर चालून यायला सांगितलं. भाषण करणाऱ्या उमेदवाराची मोटारसायकल रॅली दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याच रस्त्यानं जाणार होती.

एक ओळ लिहायला मी पेन उघडलं. मग बंद केलं आणि तक्रारीवरच्या नंबरवर फोन लावला. मागे गिरणीचा पट्टा फिरत होता. त्या ओरडूनच बोलत होत्या.

"ताई, भाषणात तुमच्या गिरणीचं नाव नाही."

"मले माहीत आहे ना भाऊ, नाव नाही घेतलं त्यानं. नाव घ्यायले तो काही येडा नाही. बोट कोणाकडं केलं ते पाहिलं का तुम्ही?"

त्यांनी आवाज आणखी चढवला.

"काल रात्रीपासून पोरं गाड्या थांबवून राहिले इथं. किल्ला, किल्ला म्हणून ओरडतात. मी तर माहेरी जाईन, पण सासऱ्याचं काय करू? मागच्या खोलीत झोपून असतात. बिस्तर सोडवत नाही त्याइले. उद्या कोणी काही पेटवून दिलं तर त्याइले कोण उचलंल, तुम्ही?"

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

मोजणीला गेलं की शेतकरी म्हणतो, "हा बांध माझा." 'हा' म्हणजे कुठला, ते त्याच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. बोटाकडे पाहावं लागतं. सव्वीस वर्षं मी आधी बोट पाहतो, मग नकाशा. आणि इथे मी फक्त ऐकलं होतं, कारण तक्त्यात रकाना वाक्याचा होता.

व्हिडिओ आवाज बंद करून लावला. तीनही वेळा 'किल्ल्या'पाशी त्याचा उजवा हात ताठ बाजूला गेला होता. तीनही वेळा समोरच्या लोकांनी मान वळवून तिकडे पाहिलं होतं.

साहेबांना दाखवलं.

"काहून गा भुसारी," ते म्हणाले, "बोलताना माणसाचा हात हलणारच ना. तू का त्याचा हात बांधून ठेवतो?"

"साहेब, बाकीच्या वेळी हात कुठंही जातो. वर, समोर, छातीवर. मी सगळे मोजले. या बाजूला फक्त तीनदा गेला, त्याच वाक्याला."

"त्या बाजूला गिरणीच आहे, हे कशावरून? शूटिंगमध्ये दिसते का?"

दिसत नव्हती. कॅमेरा स्टेजकडे होता. पण सभा संध्याकाळची होती आणि माइकच्या दांड्याची सावली स्टेजवर लांब पडली होती. सूर्य पश्चिमेला, म्हणजे सावली पूर्वेला. थंडीत सूर्य जरा दक्षिणेकडे सरकून मावळतो, तेवढा फरक धरला. बोट सावलीच्याच अंगाला होतं. मग ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून त्या गावठाणाचा नकाशा मोबाइलवर मागवला. मैदानाच्या पूर्वेला रस्ता. रस्त्यापलीकडे एकच बांधकाम, गिरणीचं. तिच्यामागे तलाव.

नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि कागद साहेबांपुढे सरकवला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"सकाळी तूच लिहिलं, कारवाईची गरज नाही."

"चूक झाली."

"लेखी चूक झाली, भुसारी. आता पूरक अहवाल देशील तर पहिला मेमो तुलेच येईल. आणि उद्या तिथं काहीच झालं नाही, तर उमेदवाराचा वकील तुले उभा करून विचारंल, का हो, तुम्ही जमिनी मोजता की बोटं?"

"दोन्ही मोजली म्हणून सांगीन."

साहेब हसले नाहीत. घड्याळाकडे पाहून म्हणाले, "लिही लवकर. रॅलीची परवानगी आज सहापर्यंतच बदलता येते."

मी लिहिलं. कोणत्या मिनिटाला काय वाक्य, बोट कोणत्या दिशेला, त्या दिशेला काय आहे, लोकांनी कुठे पाहिलं. त्याच्या मनात काय होतं ते लिहिलं नाही. ते मला दिसलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'सकाळचा अभिप्राय अपुऱ्या निरीक्षणावर दिला होता. तो मी मागे घेत आहे.' सही केली. अहवाल साडेपाचला गेला.

रॅलीचा रस्ता बदलला. गिरणीसमोर पोलिसांची गाडी लागली. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी नागपुरात तिसऱ्याच सभेचा व्हिडिओ पाहत होतो, पण त्यातलं एकही वाक्य मला ऐकू आलं नाही. पावणेसहाला शोभाताईंचा फोन आला.

"तीन गाड्या रॅलीतून फुटून आल्या होत्या, भाऊ. एकाच्या डिक्कीत पेट्रोलची बाटली सापडली. पोलिसांनी नेलं त्याइले."

"सासरे?"

"झोपले आहेत. त्याइले काही पत्ताच नाही."

उमेदवारानं खुलासा दिला, की किल्ला हा अलंकार होता आणि कार्यकर्त्यांनी तो शब्दशः घेतला याचं आपल्याला दुःख आहे. तीन पोरांवर केस झाली. उमेदवाराला समज मिळाली. मला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला. मेमो बरोबर होता. मी उत्तरात तेच लिहिलं.

त्यानंतर आणखी एका निवडणुकीला मला त्याच टीममध्ये घेतलं. छापील तक्ता तसाच आला, तीन रकान्यांचा. चौथा मी पट्टीनं आखून घेतला.