तांडा प्रोफाइल

तंत्रज्ञानाने माणसामाणसातलं अंतर कायमचं मिटवलं आहे. हे वाक्य माझं नाही. डोंगरकडा गावच्या टेलिफोन एक्स्चेंजसमोरच्या मंडपात प्रमुख पाहुण्यांनी ते उच्चारलं आणि नव्या ब्रॉडबँड मशीनसाठी नारळ फोडला. मशीन तसं आधीपासून चालू होतं. आमच्याकडे उद्घाटन नेहमी चालू वस्तूचं करतात, त्यात धोका कमी असतो. टाळ्या सुरू असतानाच माझा मोबाइल वाजला.

"साहेब, सविता राठोड बोलते. तांड्यावरच्या कॉम्प्युटर सेंटरची. तुमी मशीन बदलल्यापासून नेट सारखं जाऊन राहिलं."

"ताई, आता तर स्पीड वाढलाय."

"वाढला ना. लवकर येते आन् लवकर जाते."

मी तेव्हा तिथला ज्युनिअर इंजिनिअर होतो. एक्स्चेंजमध्ये काहीही बिघडलं की ज्याला फोन येतो, तो मीच.

सविताताईंची अडचण खरी होती. त्यांच्या कोर्सची परीक्षा ऑनलाइन असे. मध्येच लाइन तुटली की पेपर जागीच बंद. एकदा तसं झालं होतं आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसने कळवलं होतं, पुन्हा झालं तर सेंटरची मान्यता रद्द. परीक्षा रविवारी होती.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. एक्स्चेंजपासून तारेच्या वाटेने पाच किलोमीटर. खांबांची तीच रांग पुढे त्या प्रमुख पाहुण्यांच्या शेतातल्या बंगल्यापर्यंत जाते. सेंटर म्हणजे पत्र्याची एक खोली, चार कॉम्प्युटर, भिंतीला सरस्वती आणि संत सेवालाल महाराज शेजारी शेजारी. मी मॉडेम तपासला, जोड तपासले. सगळं ठीक. नेट उत्तम चालू.

"तुमी आले की बराबर चालते," सविताताई म्हणाल्या. "तुमीच बसा मंग इथं रविवारी."

मी बसलोच. चहा झाला. तेवढ्यात चहूबाजूंच्या शेतांतून घरघर सुरू झाली आणि मॉडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. नेट गेलं.

"काय झालं?"

"काई न्हाई, थ्री फेज आली."

तेव्हा भारनियमन जोरात होतं. घरांना सिंगल फेज मिळे, पण शेतातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज पाळीने येई. ती कधी येईल याचा भरवसा नसल्याने प्रत्येकाने मोटारीला 'ऑटो' बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सगळ्या शिवाराच्या मोटारी एकाच क्षणी उठत, व्होल्टेज पडे, निम्म्या बंद होत, पुन्हा उठत. त्या प्रत्येक उठबशीचा गोंगाट आमच्या तांब्याच्या तारेत शिरत होता. तार जितकी लांब, तितका आमचा सिग्नल क्षीण आणि गोंगाट भारी.

जुनं मशीन हळू चालायचं, म्हणून त्याला हा गोंगाट बाधत नव्हता. मळणी यंत्राशेजारी उभं राहून बोलायचं असेल तर आपण सावकाश बोलतो, तसं ते बोलायचं. नवं मशीन हुशार. मोटारी बंद दिसल्या की तार जेवढा देईल तेवढा सगळा वेग उचलायचं, राखीव म्हणून काही ठेवायचंच नाही. मोटारी उठल्या की पडायचं.

उपाय सोपा होता. प्रत्येक लाइनला एक 'प्रोफाइल' असतं, म्हणजे किती वेगाने धावायचं आणि गोंगाटासाठी किती जागा राखायची, याचा मशीनला दिलेला हुकूम. वेग कमी करायचा, राखीव जागा वाढवायची. अवघड होते ते साहेब.

"जोंधळे, शंभर टक्के कनेक्शन हायस्पीड, असा रिपोर्ट वर गेलाय," हिंगोलीला आमचे वरिष्ठ म्हणाले. "आता स्पीड खाली आणायचा?"

"टिकत नाही, साहेब."

"टिकण्याचा कॉलम रिपोर्टमध्ये आहे का?"

"नाही."

"मग? ग्राहकाने लेखी मागितलं तर बघू. स्पीड कमी करा असा अर्ज आजवर कुणी दिलाय का?"

मी सविताताईंना निरोप दिला. त्या हसतच सुटल्या. "लोक म्हन्तील येडी झाली. पन देते. सेंटर बंद झालं तर ह्या पोरींना हिंगोलीला कोन धाडते, साहेब? घरीच बसतील त्या."

अर्ज आला. साहेबांनी तो दोनदा वाचला, पाठ कोरी आहे ना तेही पाहिलं आणि सही केली. मी नवं प्रोफाइल तयार केलं. मशीन नाव विचारतं. मी 'तांडा' टाकलं.

रविवारी मी सेंटरवर हजर होतो. बोलावलं नव्हतं. पेपर निम्म्यावर आला आणि घरघर सुरू झाली. चारही मुलींचे हात थांबले. चौघींनी पडद्याकडे नाही, मॉडेमकडे पाहिलं. मोटारी पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या. हिरवा दिवा ढिम्म हलला नाही.

"तिकडं काय पाहता? लिहा!" सविताताई ओरडल्या.

पेपर संपला. पुण्याला पोचल्याची पोच आली. सविताताईंनी पदराने तोंड पुसलं आणि कप पुढे केला. "घ्या साहेब. सावकाश घ्या, स्पीड कमी केलाय."

नोकरीत पुढे बरीच मोठी कामं केली, एकदोन वेळा हारही पडले गळ्यात. पण त्या दिव्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच नाही. आजही कुणी नव्या मशीनचा वेग सांगू लागलं की मी तारेची लांबी विचारतो. लोकांना तो खवचटपणा वाटतो.

सविताताईंचं सेंटर चालू राहिलं. लांबच्या लाइनीची तक्रार आली की "तांड्यावर टाका," असं साहेबच सांगू लागले, जणू कल्पना त्यांचीच होती. पुढच्याच महिन्यात प्रमुख पाहुण्यांच्या बंगल्यावरून तक्रार आली की नेट टिकत नाही.

बंगला तांड्याच्याही पुढे दीड किलोमीटर आहे. माझी बदली होईपर्यंत तोही 'तांडा' प्रोफाइलवर होता.