काकूने केलेली प्रार्थना

चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर काकू आणि तिचा नवरा राहायचे. खाली दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, नवरा शहरात बस चालवायचा. मूलबाळ नव्हतं. पण शनिवारी दुपारी जिन्यात चपलाबुटांचा असा काही ढीग पडायचा की नवरा म्हणायचा, "एवढी गर्दी माझ्या बसला असती तर मालकाने पगार वाढवला असता."

विद्यापीठातली मुलं-मुली यायची. बायबलमधला एखादा भाग वाचायचा, त्यावर मोकळेपणाने बोलायचं, प्रार्थना करायची. मग काकूचा दुसरा तास सुरू व्हायचा. शर्टाला इस्त्री कशी करायची, घरमालकाशी बोलताना आवाज का चढवायचा नाही, नापास झाल्याचं घरी फोनवर कसं सांगायचं. सगळे तिला काकूच म्हणायचे.

त्यांच्यात एक मुलगी होती. आवाज इतका बारीक, की तिला सगळे चिमणी म्हणत. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. हॉस्टेलच्या फ्रिजमधून वस्तूंना पाय फुटतात, म्हणून तिने इन्सुलिनची खोकी काकूच्या फ्रिजमध्ये, अंड्यांशेजारी ठेवली होती. लागेल तसं एकेक घेऊन जायची.

एकदा भांडी विसळताना ती म्हणाली, "काकू, मी कधी बरी होईन का हो?"

काकूने ओला हात पुसला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "प्रभू, या लेकराला बरं कर." सर्दी झालेल्या पोराला करावी तितक्या सहज केलेली प्रार्थना. तिच्यापुरता विषय तिथेच संपला.

पुढे एका शनिवारी चिमणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभी राहिली. "माझं सगळं ओझं मी प्रभूवर टाकलंय. आता मी मोकळी झाले." पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूनेही वाजवल्या. तिला वाटलं, परीक्षेची धास्ती गेली असेल. त्यानंतरच्या शनिवारी पोरीचे गाल बसलेले दिसले. ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. "ऊन लागलं असेल," असं काकू स्वतःशीच म्हणाली. पण मनात कुठेतरी खुट्ट झालं.

दोन-चार दिवसांनी काकू दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची काच घासत होती. एकाएकी तिचा हात थांबला. चिमणी खोकं न्यायला आलीच नव्हती. गेल्या महिन्यातही आली नव्हती. काच तशीच टाकून ती जिना चढली. फ्रिज उघडला. खोकी होती तशीच होती, एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

तिने चिमणीला फोन लावला, नुसता वाजत राहिला. परत लावला. मग चपला कशातरी पायात सरकवून ती निघाली. रस्ताभर डोक्यात एकच: मी काय म्हणाले होते? नेमके कुठले शब्द म्हणाले होते?

हॉस्टेलच्या दारात वॉर्डनबाईंनी अडवलं. "भेटायची वेळ संध्याकाळी. तुम्ही कोण तिच्या?"

काय सांगायचं? काकू म्हणाली, "तिची काकू. बाई, तुम्हीही चला माझ्याबरोबर. पाया पडते, पण चला."

तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, वॉर्डनबाई किल्ल्या घेऊन पुढे झाल्या.

खोलीत चिमणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुजलेल्या फळासारखा गोडसर दर्प येत होता. खाली बादलीत उलटी. श्वास असा खोल, जोरात चाललेला, जणू कुणी तिला पळवून पळवून आणलंय. काकू तिच्याजवळ वाकली.

"बाळा, इंजेक्शन कधी घेतलं होतंस?"

चिमणीने डोळे कसेबसे उघडले. "आधी कमी केलं... मग थांबवलं. डॉक्टर नको, काकू. तुम्हीच प्रार्थना केली होती ना? आता शंका घेतली तर... तर मिळालेलं बरेपण निघून जाईल."

"मीच केली होती," काकू म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "आणि आता गाडीही मीच बोलावतेय. काय शंका घ्यायची ती माझ्यावर घे."

वॉर्डनबाईंनी तोवर रुग्णवाहिकेला फोन लावलाच होता. गाडीत काकू तिचा हात धरून बसली. प्रार्थना करायला गेली तर ओठ हलेनात. देवाची भीती वाटत होती, पोरीची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाची.

पोरीला आत नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "उशीर झालाय. बघू." त्या "बघू"वर काकू आणि बस डेपोत सोडून धावत आलेला नवरा बाकावर बसून राहिले. एरवी नवऱ्याला गप्प बसवावं लागे. त्या दिवशी त्याने एक शब्द काढला नाही, आणि त्यानेच काकू जास्त घाबरली.

मग चिमणीचे वडील आले. लांबचा प्रवास करून आलेला, चुरगळलेल्या सदऱ्यातला माणूस.

"तुम्हीच त्या काकू?"

"हो."

"तिची आई रोज विचारायची, इंजेक्शन घेतलंस का. ती रोज हो म्हणायची." ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "औषध बंद कर असं तुम्ही सांगितलंत?"

"नाही. पण चालू ठेव असंही सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं."

वडील पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

चिमणी वाचली. दुसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं, तेव्हा कुठे काकूच्या जिवात जीव आला. वडील तिला घरी घेऊन गेले. जाताना काकूकडे त्यांनी पाहिलंही नाही.

शनिवारी पोरं आनंदात आली. "काकू, प्रभूने तिला वाचवलं! आज याचीच साक्ष!"

"बसा सगळे," काकू म्हणाली. आणि भांडी विसळत केलेल्या त्या प्रार्थनेपासून बादलीपर्यंत तिने सगळं सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या हेही. कोपऱ्यातला एक जाडजूड मुलगा रडायला लागला. डॉक्टरांनी दिलेल्या मनाच्या आजाराच्या गोळ्या त्यानेही गुपचूप सोडल्या होत्या. काकूने चपला घातल्या आणि त्याला तिथल्या तिथे दवाखान्यात घेऊन गेली.

तेव्हापासून कुणी प्रार्थना मागितली की ती आधी विचारते, "डॉक्टर काय म्हणाले?" एखादा आला नाही की फोन करते, उचलला नाही की हॉस्टेल गाठते. पोरं चेष्टा करतात, "काकूंची हजेरी चुकवायची नाही रे बाबा!" ती हसते. पण समोरून "हॅलो" ऐकू येईपर्यंत तिचा एक पाय चपलेत असतो.

नव्या सत्राला दार वाजलं. चिमणी उभी होती, मागे तिचे वडील.

"हिला इथे यायचंय," ते म्हणाले. "मी नको म्हणून पाहिलं, ऐकत नाही. माझा तुमच्यावर विश्वास नाही, बाई. पण त्या दिवशी खोटं बोलला नाहीत. दर शनिवारी मला फोन करायचा. तुम्ही. ती नाही."

पहिल्या शनिवारी काकूने फोन लावला. चिमणीच्या वडिलांनी विचारलं, "जेवली का ती?"

"जेवली," काकू म्हणाली. "आणि त्याआधी इंजेक्शन घेतलं. मी समोर बसले होते."